वडाखालचा वाद

चिंचवडहून एका ५७ वर्षांच्या निवृत्त शिक्षिकेने पाठवलेले पत्र माझ्यासमोर आहे. ते सात पानी असल्याने त्यातील मजकूर थोडक्यात देते. त्यांचे यजमान मूत्रपिंडाच्या विकाराने दोन वर्षे आजारी होते, आठवड्यातून तीनदा डायलिसिस चालू होते आणि गेल्या भाद्रपदात ते गेले. तेव्हापासून देवघरासमोर बसले की हात जोडले जातात, पण आत काहीच हलत नाही, असे त्या लिहितात. सोसायटीच्या मागे, जुन्या गावठाणाच्या हद्दीवर एक वड आहे. त्याच्या पारावर पहाटे अर्धा तास बसले की मात्र छातीवरचा दगड थोडा सरकतो. घरी ८१ वर्षांच्या सासूबाई आहेत आणि ‘तू देव सोडलास’ असे त्या म्हणतात. धाकट्या बहिणीच्या मते ही पळवाट आहे. यंदाच्या वटपौर्णिमेला त्या नेहमीप्रमाणे पारावर बसल्या असताना पूजेला आलेल्या बायकांपैकी एकीने ‘आजच्या दिवस तुम्ही नका ना बसू इथे’ असे हळूच सांगितले आणि त्या उठून घरी आल्या. पत्राच्या शेवटी त्यांनी विचारले आहे : “३१ वर्षे मी याच वडाला सूत गुंडाळले. सावित्रीला तिचा नवरा परत मिळाला, मला नाही मिळाला. माझ्या व्रतात काही कमी पडले का? ज्या झाडाने माझे ऐकले नाही, त्याच्याचपाशी मला बरे का वाटते? आणि हे बरे वाटणे जिना चढेपर्यंतही टिकत नाही, मग त्याचा उपयोग काय?”

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या व्रतात काहीही कमी पडले नाही. हे मी सर्वांत आधी लिहिते आहे, कारण बाकीच्या सगळ्या प्रश्नांच्या खाली हाच एक प्रश्न ठसठसतो आहे, असे तुमचे पत्र दोनदा वाचल्यावर मला वाटले. मूत्रपिंडे निकामी होण्याची कारणे शरीरात असतात, मधुमेह आणि उच्च रक्तदाब ही त्यांतली मोठी कारणे, आणि पत्नीने किती उपास केले याचा जमाखर्च त्या आजारात कुठेही मांडलेला नसतो. तुम्ही ओझरते लिहिले आहे की, दोन वर्षे तुम्ही यजमानांना पाण्याचा प्रत्येक पेला मोजून दिलात, आणि बटाटे उकडून त्यांचे पाणी टाकून देऊन मगच त्यांची भाजी केलीत, कारण डॉक्टरांनी पोटॅशियम कमी ठेवायला सांगितले होते. वर्षातून एकदा वडाला गुंडाळलेल्या सुताइतकेच ते पेलेही मोजायचे असतील, तर या व्रताचे उद्यापन तुम्ही केव्हाच केले आहे.

सावित्रीच्या कथेचा शेवट तेवढा आपण लक्षात ठेवतो, आणि ज्यांच्या वाट्याला तो शेवट येत नाही त्यांना मग ती कथा टोचत राहते. महाभारताच्या वनपर्वात ही कथा आहे. लाकडे तोडता तोडता सत्यवानाचे डोके दुखू लागते, तो सावित्रीच्या मांडीवर डोके ठेवून आडवा होतो आणि यम येतो. पुढे ती काय करते ते पाहा. ती यमाच्या मागोमाग त्या रानातून चालत राहते आणि बोलत राहते. यम तिला परत जायला सांगतो, तरीही ती आणखी चार पावले चालते आणि आणखी एक मुद्दा मांडते. त्या रात्री रानात सांत्वन कोणीच करत नाही. तिथे होतो तो वाद आहे. तिचा वाद फळाला आला आणि तुमचा आला नाही, हा फरक लहान नाही आणि तो लहान आहे असे मी तुम्हाला कधीही म्हणणार नाही. पण डायलिसिसच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसून तुम्ही दोन वर्षे जे केलेत ते हेच चालणे आणि हेच बोलणे होते. माझ्या समजुतीप्रमाणे तुमचा तो वाद अजून संपलेला नाही, म्हणून तुम्हाला वडापाशी बरे वाटते.

हे थोडे सविस्तर सांगते. संकटात निसर्गाकडे वळावे असा सल्ला देणारे बरेच जण असतात, आणि त्यांच्या बोलण्यात हटकून पानगळ आणि पालवी येते. शिशिर सरला की वसंत येतोच, तसे दुःखही सरेल, असे ते सांगतात. मला ही समजूत खोटी वाटते आणि पतीच्या मृत्यूनंतर पहिल्या वर्षात असलेल्या बाईला ती सांगणे निष्ठुरपणाचेही वाटते. फाल्गुनात पिंपळाला जी तांबूस पाने फुटतात ती नवी असतात, गळलेले पान काही परत येत नसते. गेलेले माणूस पालवीसारखे पुन्हा फुटत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे आणि वडाला तर ते सांगावेही लागत नाही. म्हणून झाडाकडून बोध घ्यायला जाऊ नका. तुम्ही ४० मुलांच्या वर्गाला आयुष्यभर बोध दिलात, आता थोडा काळ कोणताही बोध न घेता बसण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

झाड वेगळेच काहीतरी देते. घरी भेटायला येणारा प्रत्येक माणूस, तो कितीही मायेचा असला तरी, तुमच्याकडून थोडेसे काही मागत असतो. ‘आता बऱ्या आहात ना?’ असे तो विचारतो आणि तुम्हाला ‘हो’ म्हणावे लागते, कारण ‘नाही’ म्हटले तर त्यालाच धीर द्यायची वेळ येते. देवघरातही सध्या तुमच्याकडून काही मागितले जात असावे, निदान तुम्हाला तसे वाटत असावे : भाव हवा, कृतज्ञता हवी, निदान डोळ्यांत पाणी तरी हवे. वड यांपैकी काहीही मागत नाही. तिथे तुम्ही रागावलेल्या असू शकता, कोरड्या असू शकता, यजमानांवर चिडलेल्याही असू शकता. माझा धाकटा भाऊ ४३ व्या वर्षी हृदयविकाराने गेला तेव्हा मी वाई तालुक्यातल्या आमच्या आजोळी महिनाभर राहिले होते. तिथे विहिरीच्या कडेला एक उंबर आहे. त्याच्याखाली बसून मी भावाला रोज शिव्या दिल्या, अगदी मोठ्याने, कारण छातीत दुखत असल्याचे त्याने आठ दिवस कोणालाही सांगितले नव्हते. एकदा बोलता बोलता हाताशी पडलेले एक पिकलेले उंबर मी उकलले. आत बारीक बारीक फुलांची दाटी होती आणि त्या फुलांतून चिलटाएवढी केंबरे एकामागून एक बाहेर येत होती, माझ्या बोटावर क्षणभर थांबत होती आणि उडून जात होती. मी बोलायची थांबले आणि शेवटचे केंबर उडेपर्यंत पाहत राहिले. त्याचा अर्थ काय, हे मी तेव्हाही शोधले नाही आणि आजही सांगू शकणार नाही. मात्र त्या दोनपाच मिनिटांत मी भावाला माफ केले नव्हते आणि दोषही देत नव्हते, आणि अशी मिनिटे त्या महिन्यात दुसरीकडे कुठेही माझ्या वाट्याला आली नाहीत.

तुमच्या घरापासून तासाभराच्या आत देहू आहे आणि पलीकडे भंडाऱ्याचा डोंगर आहे. वृक्षवेली हेच आमचे सोयरे, असे म्हणणाऱ्या तुकोबांचा अभंग तुम्ही वर्गात अनेकदा शिकवला असेल. आपण तो फार गोड करून ठेवला आहे, कारण तो म्हणणारा माणूस कोणत्या अवस्थेतून डोंगरावर गेला होता हे आपण बाजूला ठेवतो. १६३० च्या सुमारास दख्खनमध्ये मोठा दुष्काळ पडला. तुकोबांचे आईवडील गेलेले होते, व्यवसाय बुडाला आणि पहिली पत्नी अन्न अन्न करीत मेली. त्यांनी स्वतःच्या अभंगात हे या शब्दांत लिहून ठेवले आहे, आणि या साऱ्याची जिवाला लाज वाटते हेही त्यांनी लपवलेले नाही. असा माणूस झाडांना सोयरे म्हणतो तेव्हा तो सहलीला आलेला नसतो. त्याच्या माणसांतले सोयरे उरलेले नसतात किंवा त्यांच्यासमोर जायला त्याला तोंड नसते. आणि त्या गोड अभंगाचा शेवट कुठे होतो ते आठवा : ‘आपुलाचि वाद आपणांसी’. पाखरे गात आहेत, एकांत आहे, आकाशाचा मांडव आहे, आणि या सगळ्याच्या मधोमध तो माणूस स्वतःशीच वाद घालतो आहे. तुम्ही पारावर बसून जे करता त्याला आपल्या भाषेत असे जुने आणि मानाचे नाव आहे, म्हणून तुमच्या बहिणीच्या ‘पळवाट’ या शब्दाशी मी सहमत होऊ शकत नाही.

बहिणीची काळजी मात्र अगदीच निराधार नाही. एकटे बसून दुःख उगाळणे आणि दुःखाशी वाद घालणे या दोन गोष्टी बाहेरून सारख्याच दिसतात. उगाळताना तोच प्रसंग, तेच वाक्य, तोच ‘त्या दिवशी आधीच दवाखान्यात नेले असते तर’ हा विचार सहाणेवर फिरत राहतो आणि त्यातून काही पुढे सरकत नाही. वादात निदान दुसरी बाजू बोलू लागते. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यात ३८ निरोगी माणसांपैकी काहींना झाडाझुडपांतून आणि काहींना रहदारीच्या रस्त्याने ९० मिनिटे चालायला लावले, तेव्हा झाडांमधून चालून आलेल्यांचे हे मनातल्या मनात उगाळणे काहीसे कमी झालेले आढळले. माणसे थोडी होती आणि त्यांच्यावर तुमच्यासारखा प्रसंगही गुदरलेला नव्हता, म्हणून मी त्याचा डंका पिटणार नाही. पण तुमचा दगड सरकतो तो तुमच्या कल्पनेत सरकत नाही, एवढे बहिणीला सांगायला तो पुरेसा आहे.

स्वतःपुरती एक खूण लक्षात ठेवा. पारावरून उठताना बसतानापेक्षा अधिक जड वाटू लागले आणि असे सलग बरेच दिवस झाले, जेवण सुटले, रात्र रात्र डोळा लागेना, किंवा ‘आपणही जावे’ असा विचार एकदा जरी मनात येऊन गेला, तर ते काम झाडाचे नाही आणि सदर लिहिणारीचेही नाही. मग मानसोपचारतज्ज्ञांकडे जा, आणि लगेच जाणे शक्य नसेल तर सरकारच्या ‘टेलीमानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक फिरवा. तो विनामूल्य आहे, दिवसरात्र चालू असतो आणि त्यावर मराठीतही बोलता येते. वडाखाली बसणारी बाई डॉक्टरांकडेही जाऊ शकते, त्यात काही विसंगती नाही.

आता देव सोडण्याविषयी. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात साधनेला जागा कशी असावी याचे मोठे रमणीय वर्णन आहे. एकदा बसले की उठावेसे वाटू नये, पाहूनच वैराग्य दुणावावे, आणि पाखंडी माणसालाही तिथे आस्था वाटावी, अशी ती जागा आहे. तिथे झाडे आहेत, निर्मळ पाणी आहे, पाखरे आहेत तीही मोजकीच, आणि एवढे सगळे सांगून झाल्यावर माउली म्हणतात की तिथे एखादा मठ असावा किंवा शिवालय असावे. रान आणि देऊळ यांत त्यांनी भांडण लावलेले नाही. आपल्या सह्याद्रीतल्या देवरायांत तर हे भांडण उभेच राहू शकत नाही, कारण तिथे राई हेच देवाचे घर असते. कित्येक देवरायांतल्या देवाला डोक्यावर छप्पर चालत नाही, अशी गावकऱ्यांची श्रद्धा असते. शेंदूर लावलेला एक तांदळा, म्हणजे देव म्हणून पुजलेला दगड, झाडाच्या बुंध्याशी उघड्यावर बसलेला असतो आणि त्या राईतली वाळकी काटकीही कोणी चुलीसाठी उचलत नाही. परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात या राया हिंडून त्यांची नोंद केली, तेव्हा शहरातल्या शिकलेल्या माणसांना त्यांचे मोल कळू लागले. गावातल्या बायकांना ते आधीपासून ठाऊक होते. तेव्हा देवघरातून उठून तुम्ही वडाखाली गेलात, तर फार लांब गेलात असे मला वाटत नाही.

तरीही देवघर बंद करू नका, आणि तिथे भाव आणण्याची जबरदस्तीही स्वतःवर करू नका. तुकोबांच्या ज्या अभंगात पत्नीच्या मृत्यूची आणि लाजेची गोष्ट आहे, त्याच अभंगात पुढे त्यांनी लिहिले आहे की देवाचे देऊळ भंगले होते, ते नीट करावे असे चित्तात आले. आधी पडझड झाली आणि डागडुजी नंतर, तीही मनात आली तेव्हा. तुमच्या चित्तात अजून आलेले नाही, तर नुसती सांजवात लावा आणि उठा. तेवढेही जड वाटले तर सासूबाईंना लावू द्या.

‘जिना चढेपर्यंतही टिकत नाही’ या तुमच्या तक्रारीवर मी बराच विचार केला. टिकायला हवे, ही अपेक्षा कुठून आली असेल? आपण औषधाची गोळी घेतो तेव्हा तिचा असर किती तास राहतो ते पाहतो, आणि दोन वर्षे आजारपण काढलेल्या घरात तर प्रत्येक गोष्ट अशी तासांवर मोजायची सवय लागलेली असते. पारावरची घटका तशी मोजू नका. ती संपते आणि उद्या पुन्हा असते, बस्स. उलट दोनतीन साध्या गोष्टींनी ती भरीव करता येईल. मोबाइल घरी ठेवून जा. जागा बदलू नका, रोज त्याच दगडावर बसा, म्हणजे कोणती पारंबी किती खाली आली, फळे धरल्यावर तांबट पक्षी कोणत्या फांदीवर येतो, हे आपोआप दिसू लागेल. मुद्दाम ध्यान लावू नका, श्वास मोजू नका. बोलावेसे वाटले तर यजमानांशी मोठ्याने बोला, पहाटे ऐकणारे कोणी नसते. आणि एक वडीलकीचा सल्ला : अंधारात निघू नका, पुरेसे उजाडल्यावरच जा. पावसाळ्यात पार शेवाळलेला असतो, वाऱ्यापावसाच्या दिवशी जुन्या वडाखाली थांबणेही बरे नाही. अशा दिवशी खिडकीतून जेवढे आभाळ दिसेल तेवढे पाहा. कधी मोकळे चालावेसे वाटले तर निगडीची दुर्गा टेकडी आहे, तिथे सकाळी पुष्कळ माणसे असतात आणि एकट्या बाईला कोणी ‘इकडे कशा?’ असे विचारत नाही.

वटपौर्णिमेच्या दिवशी तुम्हाला जे ऐकावे लागले ते मला फार लागले. बोलणारी बाई दुष्ट नसावी. आवाज हळू होता असे तुम्हीच लिहिले आहे, म्हणजे तिलाही ते बोलताना संकोच वाटला असणार. पण संकोचाने बोलल्याने अन्याय लहान होत नाही. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने ठराव करून गावातल्या विधवा प्रथा बंद केल्या, बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे यांसह, आणि त्यानंतर राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तोच कित्ता गिरवायला सांगितले. एक गाव जे ग्रामसभेत बोलू शकते ते चिंचवडच्या सोसायटीत बोलता येणार नाही, असे मी मानत नाही. पुढच्या ज्येष्ठात तुम्ही नेहमीच्या वेळी नेहमीच्या दगडावर बसा. भांडू नका आणि खुलासाही देऊ नका. ज्या वडाला तुम्ही ३१ वर्षे पाणी घातले, त्याची सावली कोणाच्या कपाळावर कुंकू आहे हे पाहून पडत नाही. आणि उठावेसे वाटले तर तो निर्णय तुमचा असू द्या, दुसऱ्या कोणाचा नको.

शेवटी तुमच्या सासूबाईंविषयी लिहायचे आहे, कारण सात पानांत त्यांच्या वाट्याला चारच ओळी आल्या आहेत. परंपरा सांगते की तुकोबा डोंगरावर असत तेव्हा त्यांची दुसरी पत्नी जिजाई भाकरी घेऊन चढ चढून जात. तुकोबांच्या एकांताबद्दल आपण इतके बोलतो, पण जिजाईने आपला वाद कुठे बसून घातला असेल, हे सहसा कोणी विचारत नाही. तुमच्या सासूबाईंचा मुलगा गेला आहे, ताई. ८१ व्या वर्षी त्या सकाळी उठतात तेव्हा तुम्ही वडाखाली गेलेल्या असता, घरात त्या आणि देवघर एवढेच उरते, आणि त्या देवघरात तुम्हीही आता बसत नाही. ‘तू देव सोडलास’ या वाक्यात मला धर्माचा राग ऐकू येत नाही. ‘तू मला इथे एकटीला सोडलेस’ असे कदाचित त्यांना म्हणायचे असेल, आणि सुनेला असे म्हणण्याची त्यांच्या पिढीला सवय नाही.

एखाद्या उघडीपीच्या सकाळी त्यांना विचारून पाहा, “आई, येता का वडापर्यंत?” पाराचा दगड त्यांना बसायला ठेंगणा पडेल, म्हणून घरातली प्लॅस्टिकची खुर्ची वॉचमनला आधी तिकडे नेऊन ठेवायला सांगा आणि चहा थर्मासमध्ये भरून घ्या. त्या नाही म्हणतील, बहुधा पहिल्यांदा नाहीच म्हणतील, तर तुम्ही एकट्या जाऊन या आणि आल्यावर वडाखाली आज काय पाहिले तेवढे त्यांना सांगा. आठवड्याने पुन्हा विचारा. आल्याच, तर खुर्ची थोडी अंतरावर मांडा, म्हणजे त्यांनाही लेकाशी काही बोलायचे असले तर बोलता येईल.

तुमची,
सदरलेखिका